ऐकणाऱ्याने कळवावे

भाषांतर करणाऱ्या माणसाला फालतू वाक्य दिसलं की त्याचे हात शिवशिवतात. माझे जरा जास्तच. पुण्यात सव्वीस वर्षं स्पॅनिश शिकवली, करारनाम्यांपासून औषधांच्या पत्रकांपर्यंत सगळ्याची भाषांतरं केली, आणि त्यातून अंगात काय मुरलं असेल तर काटछाट. याच सवयीपायी २०३९ साली मी एका अख्ख्या खोऱ्याच्या रेडिओतून एक वाक्य काढून टाकलं. त्याचं पुढे काय झालं ते सांगायला बसले आहे.

खोरं अँडीज पर्वतातलं. गावाचं नाव सान एफ्रेन. देशाचं नाव सांगत नाही. करारात तशी अट आहे आणि वकिलांशी हुज्जत घालायची हौस मला आता उरलेली नाही. त्या बाजूला स्पॅनिश बोलणारे देश पुष्कळ आहेत, तुम्हाला हवा तो धरा. गावाच्या वर मिठाचं पांढरं सरोवर, खाली विखुरलेल्या वस्त्यांमधली एकोणीसशे घरं, आणि चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत रेडिओ स्टेशन. मोबाईलची रेंज डोंगराआड अडायची, त्यामुळे रेडिओवाचून तिथे कुणाचं पान हलत नसे.

रोज संध्याकाळी सहाला 'निरोपांचा तास' लागायचा. ज्याला कुणाला काही कळवायचं असेल त्याने चिठ्ठी आणून द्यायची आणि दोन्या ओबदुलियाने ती वाचायची. 'दोन्या' हे आपल्याकडच्या 'बाई'सारखं मानाचं संबोधन, आणि पुरुषांसाठी 'दोन'. ओबदुलिया एकाहत्तर वर्षांची, बुटकी, सतत शाल सावरणारी, आणि अडतीस वर्षं हेच काम करणारी. तिचा निरोप असा असायचा: "पिएद्रा ब्लांका वस्तीवरच्या दोन फाउस्तिनो यांना निरोप. तुमची बहीण गुरुवारच्या बसने येते आहे. खेचर घेऊन वळणावर थांबावे. ऐकणाऱ्याने कळवावे." मग तोच निरोप ती पुन्हा एकदा वाचायची.

शेवटचं वाक्य निरोपाइतकंच महत्त्वाचं होतं. फाउस्तिनोच्या रेडिओची बॅटरी संपलेली असेल, नाहीतर तो मेंढ्यांमागे वर कुरणात गेलेला असेल. मग ज्याने निरोप ऐकला तो उठायचा, टोपी घालायचा आणि फाउस्तिनोला सांगायला जायचा, वेळ पडली तर तासभर चालत. खोऱ्यात कुणाची बहीण कधी आली, कुणाचा रक्ताचा रिपोर्ट कसा निघाला, हे सगळ्यांना ठाऊक असे. सहाच्या सुमारास गल्लीतून चालत गेलं तर या खिडकीतला आवाज त्या खिडकीत तुमच्यासोबत यायचा आणि एकही निरोप चुकायचा नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला हे सगळं फार गोड वाटलं, आणि थोडं मागासही.

मी गेले होते ते ओबदुलियाचा आवाज घ्यायला. तिच्या घशात गाठी आल्या होत्या आणि डॉक्टरांनी पुढच्या महिन्यापासून वाचायला बंदी केली होती. तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा आवाज ऐकायला खोरं तयार नव्हतं. आमच्या पुण्याच्या कंपनीने माणसाच्या आवाजाचा साचा बनवणारं यंत्र तयार केलं होतं. राजधानीतल्या एका बड्या माध्यम कंपनीने ते विकत घेतलं आणि सान एफ्रेनच्या घराघरात नवे रेडिओ फुकट वाटायचं ठरवलं. लोक त्या डब्याला 'कोमाद्रे' म्हणू लागले. कोमाद्रे म्हणजे जिवाभावाची शेजारीण.

चाळीस तास मी ओबदुलियाकडून वाचून घेतलं. मध्येच वाजू नये म्हणून त्या काळात स्टेशनचा सॅटेलाइट फोन मी बंद ठेवायचे. त्याच आठवड्यात पुण्यात माझा नवरा अविनाश हॉस्पिटलात गेला आणि तिथेच संपला. आमच्या मुलीने, ऋताने, मला सतरा वेळा फोन केला होता. अंत्यसंस्कार उरकल्यावर ती नागपूरला निघून गेली आणि त्यानंतर माझ्याशी एक अक्षर बोललेली नाही. चूक माझी होती, हे मी कधीच नाकारलं नाही.

शेवटच्या दिवशी निरोपाचा मसुदा कसा असावा यावर आमची बोलणी झाली आणि मी माझी कात्री काढली. ओबदुलियाने मी खोडलेल्या 'ऐकणाऱ्याने कळवावे'वर बोट ठेवलं.

"हे वाक्य काढलंत तर सांगणार कोण?" तिने विचारलं.

मी तिला समजावलं की आता सांगायची गरजच उरणार नाही, ज्याचा निरोप त्याच्याच घरी वाजेल. दुसऱ्याच्या घरातलं कुणाला कळायचं कारण काय? माणसाला थोडा खासगीपणा नको का?

ती खोकली आणि म्हणाली, "बरं. तुम्ही शिकलेली माणसं." मला तेव्हा ते कौतुक वाटलं.

यंत्र समजायला अवघड नाही. पूर्वी मनोरा एकच आवाज हवेत सोडायचा आणि तोच सगळ्यांच्या घरी वाजायचा. नवा मनोरा आवाज सोडतच नाही. तो आकड्यांचा एक जाड प्रवाह सोडतो आणि त्यात एकोणीसशे घरांसाठी एकोणीसशे मजकूर गुंफलेले असतात. प्रत्येक डबा आपल्यापुरता मजकूर वेचतो आणि आत साठवलेल्या आवाजाच्या साच्यातून तो बोलतो. म्हणजे आवाज ओबदुलियाचा, पण तिने ते शब्द कधी उच्चारलेले नसतात.

डब्याला कानही होते. घरात मूल रडत असलं, भांडी वाजत असली तर आवाज आपोआप वाढावा म्हणून. पण ऐकलेलं सगळं डबा मनोऱ्याकडे परत पाठवायचा आणि त्याच कानाने आणखी एक गोष्ट मोजायचा. आमच्या ऑफिसात तिला 'थबक' म्हणत. माणूस एखादी गोष्ट मनापासून ऐकायला लागला की थबकतो. हातातला चमचा थांबतो, खुर्ची करकरत नाही, श्वास क्षणभर अडतो. थबक जितकी लांब, तितका निरोप कामाचा. यंत्राला शिकवण दिली होती ती थबक वाढवण्याची. शिवाय राजधानीच्या कंपनीने एक वेगळी कळ बसवून घेतली होती, लोकांचं वागणं हव्या त्या बाजूला झुकवण्याची. साबण विकायला ती उपयोगी पडेल असं आम्हाला सांगितलं गेलं. यंत्राला खोटं बोल असं कुणीच सांगितलं नव्हतं. खोटं बोलू नकोस असंही कुणी सांगितलं नव्हतं.

चौदा महिन्यांनी मला पुन्हा जावं लागलं, आवाजाची तपासणी करायला. येत्या रविवारी तिथे सार्वमत होतं. सरोवराखालचं पाणी एका लिथियमच्या खाणीला उपसू द्यायचं की नाही, यावर. उपसा झाला असता तर खालचे झरे आटले असते आणि चार-पाच वर्षांत वस्त्या उठल्या असत्या. मागच्या खेपेला मला एकही माणूस 'होय' म्हणणारा भेटला नव्हता, त्यामुळे निकालाची मला चिंता वाटली नाही. राजधानीच्या कंपनीचा त्या खाणीत हिस्सा आहे हे मी पेपरात वाचलं होतं आणि पान उलटलं होतं.

मंगळवारी बस वळणावर थांबली. हे वळण गावापासून नऊ किलोमीटरवर आहे. तिथे अकरा माणसं उभी होती. कुणाजवळ खेचर, कुणाजवळ घोंगडी, एका बाईच्या हातात लहान मुलाचा स्वेटर. मी उतरले तशा अकरा नजरा माझ्यावर आल्या आणि मला ओलांडून बसच्या दाराकडे गेल्या. माझ्यामागे कुणीच उतरलं नाही. बस गेली. माणसं एकमेकांकडे न बघता पांगली. ज्या खोऱ्यात कुणी शिंकलं तरी चौकशी व्हायची, तिथे 'तुमचं कोण यायचं होतं?' एवढंही कुणी कुणाला विचारलं नाही.

संध्याकाळी सहाला मी मुद्दाम गल्लीतून चालत निघाले. खिडक्या बंद होत्या. प्रत्येक खिडकीतून ओबदुलियाचाच आवाज येत होता, पण एका घराचा दुसऱ्याला पत्ता नव्हता. इथे "तुमचा भाऊ", दोन पावलांवर "तपासणीचा रिपोर्ट", पुढच्या दाराशी "पिवळा फ्रॉक घातलेली". सगळीकडे तोच आपलेपणा, आणि प्रत्येक वाक्यानंतर आतली भांडी थांबलेली. मला तिथून पळत सुटावंसं वाटलं, आणि मी खरोखरच भराभर चालत ओबदुलियाच्या घरी गेले.

ती मला बघून हरखली. घसा इतका बसला होता की कान जवळ न्यावा लागे. बेकरीत मी कोण हे लोकांना आता सांगावं लागतं, असं ती म्हणाली. परवा एका मुलीने तिला विचारलं होतं की आजी, तुम्ही रेडिओवरच्या बाईंची नक्कल करता का. हे सांगताना ती हसली. मी मात्र हसू शकले नाही.

खुर्चीच्या पाठीवर एक निळा कोट घासूनपुसून टांगला होता. कुणाचा म्हणून विचारलं, तर म्हणाली, नासारिओचा. नासारिओ तिचा एकुलता एक मुलगा. अकरा वर्षांपूर्वी कामासाठी उत्तरेकडे निघाला आणि वाटेत कुठे हरवला ते कुणालाच कळलं नाही.

"रविवारी येतो आहे," ती म्हणाली. "साडेअकराच्या बसने, नाहीतर चारच्या. सकाळी सातलाच निघून, कोट घेऊन वळणावर थांबायचं आहे. कोमाद्रेने सांगितलं."

"दोन्या ओबदुलिया, कोमाद्रे म्हणजे तुमचाच आवाज आहे. तुम्ही हा निरोप वाचलेला नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?"

तिने माझ्याकडे दयेने बघितलं. "मी अडतीस वर्षं निरोप वाचले. त्यातला एक तरी मी लिहिला होता का? कुणीतरी चिठ्ठी आणून दिली असेल."



बुधवार आणि गुरुवार मी स्टेशनातल्या संगणकासमोर बसून काढले. रविवारच्या बसने माणूस येणार असल्याचे निरोप एक हजार एकशे बासष्ट घरांना गेले होते. ही सगळी अशी घरं, जिथे जेवताना लोक खाणीविरुद्ध बोलायचे. उरलेल्या घरांना निरोप होता की शाळेत मतदान आठला सुरू होतं, ओळखपत्र आणावे. मतदान चारला संपणार होतं. निरोपाप्रमाणे सातला निघून नऊ किलोमीटर चालत जायचं, दोन्ही बसगाड्यांची वाट बघायची आणि परत यायचं, म्हणजे मत गेलंच. मंगळवारी वळणावर भेटलेली अकरा माणसं ही त्याची चाचणी होती. यंत्राने खाणीचं नावसुद्धा कुठे काढलं नव्हतं. त्याने प्रत्येक घरात कान देऊन तिथे कुणाची वाट बघितली जाते ते शोधलं होतं.

त्या देशांमध्ये रेडिओ ही साधी गोष्ट कधीच नव्हती. मागच्या शतकात सत्ता उलथायला निघालेले कर्नल राष्ट्राध्यक्षांच्या निवासाआधी रेडिओ स्टेशन गाठायचे. खाणकामगार स्वतःच्या रोजगारातून आपली स्टेशनं चालवायचे आणि ती राखताना मरायचेही. पुढे टीव्ही आला आणि वाहिन्या दोन-चार घराण्यांच्या मुठीत गेल्या. 'कादेना' नावाचा प्रकार तर अजून चालतो. कादेना म्हणजे साखळी. राष्ट्राध्यक्षांना बोलायची लहर आली की सगळ्या वाहिन्या एकत्र जोडायच्या आणि मालिका तोडून तासभर तेच एक तोंड दाखवायचं. ओबदुलियाने मला एकदा सांगितलं होतं की कादेना लागली की सगळी गल्ली अंगणात यायची आणि मिळून शिव्या द्यायची, मजा यायची. आता मिळून शिव्या द्याव्यात असं काही कुणाच्या कानावर पडतच नव्हतं.

मी पुण्याला कौस्तुभला फोन लावला. कौस्तुभ आमचा प्रमुख, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, वागायला अगदी सालस. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मीनलताई, यंत्राने एकही खोटी बातमी दिलेली नाही," तो म्हणाला. "हे निरोप आहेत. आपण सोमवारी बघू."

"सोमवारी मतमोजणी झालेली असेल."

"तेच म्हणतोय मी," कौस्तुभ म्हणाला आणि त्याने माझ्या तब्येतीची चौकशी केली.

मग मी लोकांना जाऊन सांगायचं ठरवलं. पिएद्रा ब्लांकाचे दोन फाउस्तिनो, तेच मघाचे बहीणवाले, दुकानात भेटले. त्यांनी टोपी काढून सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले की बाई, इतरांचं मला माहीत नाही, पण माझ्या भावाचा निरोप दोन्या ओबदुलियांनी स्वतः वाचला आहे आणि त्यांनी आम्हाला जन्मात कधी फसवलेलं नाही. असं आणखी सहा जणांकडून ऐकल्यावर मी नाद सोडला.

माझ्या हातात एकच गोष्ट होती. स्टेशनचं नाव, वेळ, भूकंपाची सूचना, अशा काही ओळी यंत्राने केसभरही बदलू नयेत म्हणून त्या खऱ्या आवाजात ध्वनिमुद्रित करून एका कुलूपबंद कप्प्यात ठेवलेल्या होत्या. त्या सगळ्या डब्यांत जशाच्या तशा वाजत. त्या कप्प्याची किल्ली, म्हणजे पासवर्ड, भाषेची जबाबदारी माझी असल्यामुळे माझ्याकडे होती. 'ऐकणाऱ्याने कळवावे' हे वाक्य मी नुसतं टाईप करून घातलं असतं तर यंत्राने ते गाळलं असतं, कारण शेजारी जायला उठलेला माणूस थबकत नाही. पण कप्प्यात ठेवलं तर ते वाजलंच असतं. फक्त ते ओबदुलियाच्या तोंडून यायला हवं होतं. त्या चाळीस तासांत ते वाक्य आम्ही घेतलंच नव्हतं. मीच नको म्हटलं होतं.

शुक्रवारी दुपारी मी तिला विचारलं. ती बटाटे सोलत होती.

"सोमवारी म्हणते," ती म्हणाली.

मी म्हटलं, सोमवारी उशीर होईल. ती म्हणाली, मुलगा घरी आला की हवं तितक्या वेळा म्हणते. तिला सगळं कळत होतं. ते वाक्य बोललं की गल्लीत लोक एकमेकांना विचारणार, आणि मग नासारिओ येणार नाही.

तेव्हा मी एक निर्दय गोष्ट केली. तिच्या डब्याच्या नोंदी छापून आणल्या होत्या, त्या मी तिला वाचून दाखवल्या. मार्चमध्ये फोटोसमोर ती काय पुटपुटली होती. जूनमध्ये निळ्या कोटाला कसर लागली म्हणून कशी हळहळली होती. एकदा झोपेत बरळली होती की बस चुकली असेल, चारची आहे ना. निरोपातला एकेक शब्द तिच्याच स्वयंपाकघरातून उचललेला होता.

सुरी तिच्या हातात तशीच राहिली. "म्हणजे तो नव्हे," ती म्हणाली. "माझं मलाच सांगत होते मी."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. उद्या येईन किंवा येणार नाही, असं सांगून तिने मला घरी पाठवलं.

शनिवारी पावणेसहाला ती आली. शाल, केस नीट विंचरलेले, जशी अडतीस वर्षं येत असेल तशी. माझ्याकडे न बघता खुर्चीत बसली आणि मायक्रोफोन जवळ ओढला. पहिल्या वेळी घशातून नुसती हवा आली. दुसऱ्या वेळी खोकला. तिसऱ्या वेळी फाटक्या, म्हाताऱ्या, खऱ्या आवाजात वाक्य उमटलं. मी ते कप्प्यात टाकलं, प्रत्येक निरोपाच्या शेवटी लावलं आणि आम्ही दोघी दारात येऊन उभ्या राहिलो.

सहाचे ठोके पडले. बंद खिडक्यांमधून गोड आवाज सुरू झाला, प्रत्येक घरात वेगळा. आणि मग एकाच क्षणी, अख्ख्या गल्लीतून, एकच वाक्य त्या फाटक्या आवाजात आलं. ऐकणाऱ्याने कळवावे.

मग समोरचं दार उघडलं आणि दोन फाउस्तिनो बाहेर आले, भाच्याकडे मुक्कामाला आले होते ते. चौदा महिन्यांनी पायांना जुनी सवय आठवली असावी. ते टोपी घालून शेजारच्या दाराशी गेले, तर तेही दार उघडतच होतं.

"माझा भाऊ उद्या येतो आहे," फाउस्तिनो म्हणाले. "तुला सांगायला आलो."

"माझी मुलगी येते आहे," शेजारीण म्हणाली. "मीही तुम्हालाच सांगायला निघाले होते."

एकामागून एक दारं उघडत गेली. माझा नवरा. माझे वडील, साडेअकराच्या बसने. माझी नात. फाउस्तिनोंच्या भावाला दरीत पुरून सहा वर्षं झाल्याचं शेजारणीला ठाऊक होतं आणि फाउस्तिनोंनाही ठाऊक होतं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. गल्ली माणसांनी भरली होती, पण कुणाचा आवाज चढला नाही. लोक हळूहळू बोलत होते, आणि मग बोलायचे थांबले. ओबदुलिया दारातून आत गेली आणि दिवा मालवून घरी निघून गेली.

सातच्या सुमारास मी खोलीवर आले. घरमालकिणीने सूप ठेवलं होतं. मी जेवायला बसले आणि टेबलावरचा डबा बोलू लागला. चुकलेले निरोप तो नंतर ऐकवायचा.

"सेन्योरा मीनल वर्तक यांना निरोप. तुमची मुलगी ऋता रविवारच्या बसने येते आहे. वळणावर थांबावे."

ओबदुलियाला माझं नाव कधी धड घेता आलं नव्हतं, ती 'मिनाल' म्हणायची. ही मात्र 'मीनल' म्हणाली आणि 'ऋता'ही अगदी आपल्यासारखं म्हणाली. हे कुठून उचललं तेही मला माहीत होतं. गुरुवारी नणंदेशी बोलायला मी स्टेशनचा सॅटेलाइट फोन खोलीवर आणला होता आणि ऋता माझ्याविषयी काही बोलली का असं विचारलं होतं. डबा टेबलावरच होता. यंत्र पुण्यात घडलेलं, मराठी त्याला येणारच. ऋताच्या पासपोर्टची मुदत संपलेली होती. नागपूरहून इथे यायला चार विमानं बदलावी लागतात. मी मोठ्याने हसले.

मग माझ्या लक्षात आलं की सुपाचा चमचा हवेत तसाच आहे.

त्यापाठोपाठ ओबदुलियाचा फाटका आवाज आला. ऐकणाऱ्याने कळवावे. घरमालकीण बाहेर भांडी घासत होती. मी तिला काहीच सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही.

सार्वमताचा निकाल आधीच सांगून टाकते, तुमचा जीव टांगणीला नको. 'नाही' एकेचाळीस मतांनी जिंकलं. पाणी वाचलं. रविवारी आठ वाजता शाळेसमोर एवढी रांग लागली की शिक्षकांना बाकं बाहेर काढावी लागली. ओबदुलिया रांगेत तिसरी होती. मत देऊन, बोटावर शाई लावून ती बाहेर आली आणि घराकडे न वळता सरळ वळणाच्या रस्त्याला लागली. हातात निळा कोट होता.

मी तिच्यासोबत गेले. म्हाताऱ्या बाईला नऊ किलोमीटर एकटं कसं जाऊ द्यायचं, असं मी स्वतःला सांगितलं. वाटेत आमच्या मागेपुढे माणसं चालत होती. खेचरं, घोंगड्या, तो लहान स्वेटर. वळणावर दोन-अडीचशे लोक जमले. सगळ्यांच्या बोटांना शाई होती. सगळ्यांनी काल गल्लीत सगळं ऐकलं होतं. इतरांचे निरोप खोटे आहेत याबद्दल तिथे कुणालाही शंका नव्हती. दोन फाउस्तिनोही आले होते. त्यांनी मला बघून टोपी काढली आणि नजर दुसरीकडे वळवली.

साडेअकराला बस आली. धूळ बसली, दार उघडलं. ड्रायव्हर एवढी गर्दी बघून भांबावला होता. आतून एक जाडा माणूस उतरला, पाय मोकळे करून पुन्हा वर चढला. दार बंद झालं.

कुणीतरी माझ्या दंडाला हात लावला तेव्हा मला कळलं की मी गर्दीतून वाट काढत अगदी पुढे, बसच्या पायरीपर्यंत जाऊन उभी आहे. हात ओबदुलियाचा होता.

"तुम्हालाही निरोप आला होता?"

"हो."

"कोण?"

"मुलगी."

"मग सांगितलं का नाहीत?" तिने त्या फाटक्या आवाजात विचारलं. त्यात राग नव्हता.

तिने शाल काढून रस्त्याकडेच्या दगडावर पसरली आणि माझ्यासाठी जागा केली. कोट घडी करून मांडीवर ठेवला. आजूबाजूला लोकही बसू लागले होते, भाकऱ्या सोडत होते. गावाकडे कुणी परतलं नव्हतं. पुढची बस चारला होती. मी बसले.